सेटरला प्रॉडक्शन मॅनेजर करावं की बाहेरून माणूस आणावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भोसरीत सीएनसी-व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीन) जॉबवर्कचं युनिट, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून देणं, १४ मशीन, दोन शिफ्ट. चार वर्षांत ११ माणसांवरून ३८ वर आलेत. वडील अजून रोज शॉपवर येतात. सगळं मालकाच्या फोनवर चालतं आणि आता ते झेपत नाही. १२ वर्षं जुना, हाताने उत्तम असा एक सेटर (मशीनवर जॉब लावून ती चालू करून देणारा कारागीर) आहे. त्याला प्रॉडक्शन मॅनेजर करावं, की चाकणच्या मोठ्या कंपनीतला जो माणूस ७५ हजार मागतोय त्याला घ्यावं? याआधी बाहेरून आणलेले दोघं टिकले नाहीत, एक चार महिन्यांत गेला आणि दुसरा सात.

तुम्ही ‘घरचा की बाहेरचा’ असं विचारलंय, पण मला त्या प्रश्नातली शेवटची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. एक माणूस टिकला नाही तर माणूस चुकला असेल. लागोपाठ दोन टिकले नाहीत तर आधी खुर्ची तपासायची. तिसरा माणूस त्याच खुर्चीत बसणार असेल, तर तो सेटर असो की चाकणचा, सहा महिन्यांनी तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

खुर्ची तपासायची म्हणजे काय करायचं? पुढचे दोन आठवडे खिशात एक छोटी वही ठेवा आणि शॉपवरून येणारा प्रत्येक फोन, प्रत्येक ‘साहेब, एक मिनिट’ त्यात एका ओळीत लिहा. कोणी विचारलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, एवढंच. बहुतेक युनिटमध्ये यादी अशीच निघते: कोणत्या मशीनवर आधी कोणता जॉब लावायचा, अमुक आला नाही तर त्याच्या जागी कोण, इन्सर्ट (मशीनच्या टूलचं कापणारं पातं) संपले, कोणत्या दुकानातून आणू, सुट्टी मागतोय, देऊ का, माल थोडा वर-खाली आहे, पाठवू का, कस्टमरचा फोन आलाय, काय सांगू. दोन आठवड्यांनी प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा. ‘अ’ म्हणजे मॅनेजरने स्वतः ठरवायचं, मला सांगायचीही गरज नाही. ‘ब’ म्हणजे ठरवायचं त्याने, संध्याकाळी मला सांगायचं. ‘क’ म्हणजे आधी मला विचारायचं.

खूण करताना हात कुठे अडखळतो ते बघा. निम्म्याहून जास्त ओळी ‘क’ मध्ये गेल्या तर तुम्हाला मॅनेजर नको आहे, निरोप पोहोचवणारा हवा आहे. तो २५-३० हजारांत मिळतो, त्यासाठी ७५ हजार घालवू नका. ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये जे येईल त्याला रुपयांची मर्यादा घाला. तुमच्या आकाराच्या युनिटला कन्झ्युमेबल्सच्या (वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या) खरेदीत एका वेळी १० हजार आणि महिन्याला ६० हजारांपर्यंत विचारायचं नाही, असं काहीतरी बसतं. तुमचा टूलिंगचा खर्च वेगळा असेल तर आकडा बदला, पण आकडा असू द्या. ‘योग्य वाटेल तेवढं’ असं लिहिलंत तर तो प्रत्येक वेळी विचारणारच.

आता वडिलांबद्दल. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण आधीचे दोघं गेले त्यामागे हे असण्याची शक्यता मला बरीच दिसते. वडील सकाळी चक्कर मारतात. जुना ऑपरेटर त्यांना सांगतो, ‘काका, हा जॉब तीन नंबरवर चांगला चालायचा, आता सातवर लावलाय.’ काका म्हणतात, ‘मग लाव की तीनवर.’ मॅनेजरने आदल्या संध्याकाळी केलेलं प्लॅनिंग सव्वाआठला मोडतं, आणि ते मोडू शकतं हे सगळ्या शॉपला कळतं. त्यानंतर मॅनेजरचं कोणी ऐकत नाही आणि दोष मात्र त्याच्या ‘माणसं सांभाळता न येण्याला’ मिळतो. हेच तुम्ही स्वतः, तुमचा भाऊ, डिस्पॅच बघणारे मामा, कोणाच्याही हातून होऊ शकतं. वडिलांना शॉपवर येऊ नका असं सांगायचं नाही, कोणी सांगूही नये. नियम एवढाच करा, की घरच्या माणसाने काहीही विचारावं, काहीही बघावं, पण काम सांगायचं ते मॅनेजरमार्फत. हे वडिलांशी नेमणुकीआधी बोला, घरी, जेवणानंतर. मॅनेजर आल्यावर त्याच्या देखत बोललात तर तो त्यांचा अपमान होतो. आणि ते तयार नसतील तर सध्या नेमणूकच थांबवा.

एवढं झालं की मग ‘कोण’ हा प्रश्न सुटायला लागतो.

आधी सेटर. तो १२ वर्षं टिकला, हाताने उत्तम आहे, प्रामाणिक आहे. यातलं काहीही प्लॅनिंगच्या कामाची खात्री देत नाही. चांगल्या सेटरचं कौशल्य म्हणजे एका मशीनपुढे पूर्ण लक्ष लावणं. मॅनेजरचं काम म्हणजे १४ मशीनकडे थोडं थोडं लक्ष ठेवणं आणि स्वतः पाना हातात न घेणं. यात कितीतरी चांगले सेटर तुटतात, कारण मशीन अडली की ते स्वतः जाऊन बसतात आणि बाकीच्या १३ मशीन वाऱ्यावर. म्हणून त्याच्यात चार गोष्टी बघा. दुसऱ्या शिफ्टची पोरं अडल्यावर त्याला आपणहून विचारतात का? त्याच्या हाताखाली गेल्या तीन वर्षांत एक तरी नवा सेटर तयार झाला का? वाईट बातमी तो तुम्हाला स्वतः येऊन सांगतो की तुम्हाला शोधून काढावी लागते? आणि लिहितो का? जॉबकार्ड (मशीनवर झालेल्या कामाची नोंद) न भरणारा माणूस इतरांकडून कधीच भरून घेऊ शकत नाही. यातलं दुसरं मला सगळ्यात जास्त सांगून जातं. जो ज्ञान स्वतःजवळ ठेवतो त्याला मोठी खुर्ची दिली की तो तेच मोठ्या प्रमाणावर करतो.

चारपैकी तीन ‘हो’ असतील तर त्याला लगेच पद देऊ नका, काम द्या. आठ आठवडे दुसऱ्या शिफ्टचा इन्चार्ज, वर महिना ४-५ हजार भत्ता, आणि सुरुवातीलाच लेखी: आठ आठवड्यांनी दोघांपैकी कोणालाही नको वाटलं तर सेटरच्या जागेवर परत, पगार पूर्वीचाच, भत्ता थांबेल. परतीचा रस्ता आधी बांधला तर परत येण्यात मानहानी राहत नाही. आधी पेढे वाटून मॅनेजर केलंत आणि नंतर खाली आणलंत, तर तुम्ही मॅनेजरही गमावता आणि सेटरही. समोरच्या गल्लीतला गाळेवाला तुमच्या सेटरची वाटच बघत असतो.

या आठ आठवड्यांत त्याच्या जागी सेटिंग कोण करणार, हे मात्र आधी बघा. दुसरा सेटर तयार नसेल तर तो इन्चार्ज असूनही सेटिंगच करत राहील आणि तुमची परीक्षा फुकट जाईल. अशा वेळी आधी चार-सहा महिने दुसरा सेटर घडवणं, हेच त्याला दिलेलं पहिलं ‘मॅनेजरचं’ काम समजा.

तीनपेक्षा कमी ‘हो’ आले तर त्याच्यासाठी वेगळी वरची वाट काढा. मास्टर सेटर किंवा टूलरूम इन्चार्ज असं पद, नव्या जॉबचं प्रोव्हिंग (पहिले नग काढून सेटिंग पक्कं करणं) आणि फिक्श्चर (जॉब धरून ठेवायची साधनं) त्याच्याकडे, आणि पगार सुपरवायझरपेक्षा जास्त असला तरी चालेल. आपल्याकडे पगार वाढवायचा तर माणसं हाताखाली द्यावी लागतात, अशी एक समजूत आहे. तिच्यापायी चांगले कारागीर वाया जातात.

आता बाहेरचा. मोठ्या कंपनीतला अनुभव चांगलाच, पण तिथे प्लॅनिंगला वेगळा विभाग असतो, मेंटेनन्सला वेगळा, स्टोअर वेगळं, सगळं ईआरपीवर (कंपनीच्या सॉफ्टवेअरवर). तुमच्याकडे हे चारही विभाग म्हणजे तोच एक माणूस. म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न हा: ‘रोजचं मशीन लोडिंग तुमच्याकडे कोण करत होतं?’ उत्तर ‘प्लॅनिंगकडून यायचं’ असं आलं, तर त्याने ते काम केलेलं नाही, फक्त पार पाडलेलं आहे. माझा कल साधारण ६० ते १५० माणसांच्या युनिटमधल्या माणसाकडे असतो. तुमच्यापेक्षा एक पायरी पुढचं त्याने पाहिलेलं असतं, आणि हात काळे करायची सवय गेलेली नसते. अपवाद असतात, म्हणून नुसत्या गप्पांवर जाऊ नका, काम करून बघा. खाली सांगतो त्या तीन चाचण्या सेटरलाही द्या आणि बाहेरच्यालाही, तशाच्या तशा. नाहीतर तुलना होतच नाही.

पहिली चाचणी मशीन लोडिंगची. गेल्या आठवड्यातलं खरं शेड्यूल घ्या, कस्टमरची नावं झाकून. सहा जॉब, कोणत्या मशीनवर कोणतं सेटिंग लागलेलं आहे, एक मशीन ब्रेकडाउन, एक ऑपरेटर रजेवर. कागद, पेन्सिल, दीड तास. त्यात एक जॉब असा ठेवा: १,००० नग, सायकल टाइम ४ मिनिटं ३० सेकंद, काढ-घाल ३० सेकंद, सेटिंगला ४ तास, शुक्रवारी सकाळी सुरुवात. डिस्पॅच कधी सांगाल?

कच्चा माणूस म्हणतो: तासाला १२, आठ तासांत ९६, दोन शिफ्टचे १९२, म्हणजे सव्वापाच दिवस, बुधवारी देतो. पक्का माणूस विचारतो, शिफ्टमध्ये खरे किती तास मशीन फिरते? चहा, साफसफाई, इन्सर्ट बदलणं, मापं घेणं धरून सात मिळाले, तर शिफ्टला ८४, दिवसाला १६८. रिजेक्शन किती? ३ टक्के असेल तर १,००० चांगले मिळवायला १,०३१ लावावे लागतील. म्हणजे सहा दिवसांहून थोडं जास्त, वर सेटिंगचे चार तास. बुधवारी रात्री सहा दिवस भरतात आणि काम शिल्लक असतं. मग येतो गुरुवार, एमआयडीसीची (औद्योगिक वसाहतीची) साप्ताहिक सुट्टी. म्हणजे डिस्पॅच पुढच्या शुक्रवारी. बुधवार सांगून शुक्रवारी देणारा आणि शुक्रवार सांगून शुक्रवारी देणारा, या दोघांत कस्टमरच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. काम मात्र दोघांनी सारखंच केलेलं असतं. गणित पूर्ण बरोबर आलं नाही तरी चालेल. त्याने रिजेक्शन आणि सुट्टी विचारली का, हे बघा.

दुसरी चाचणी क्वालिटीची. ३२ एच७ चा बोअर (भोक), म्हणजे माप ३२.००० ते ३२.०२५ मिमीच्या आत हवं. दर २० नगांनी घेतलेली पाच मापं समोर ठेवा: ३२.०२१, ३२.०१६, ३२.०११, ३२.००५, ३१.९९८. विचारा, ‘आता काय कराल?’ जाणकार आधी विचारेल, बोअर गेजचा झिरो कधी तपासला होता. तो बरोबर असेल तर माप एकाच दिशेने उतरतंय, म्हणजे इन्सर्ट झिजतोय. शेवटचा नग अंडरसाइज आहे, म्हणजे तो रिवर्कला जाऊ शकतो. बोअर मोठा झाला असता तर भंगार. चौथ्या आणि पाचव्या मापाच्या मधले नग संशयित, ते आधी बाजूला काढून एकेक मोजायचे. आणि मग खरा प्रश्न: तिसऱ्या मापालाच ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) का दिला गेला नाही? ऑपरेटर मापं नुसती लिहून ठेवतोय, बघत नाही. की त्याला ऑफसेट द्यायची परवानगीच नाही? ज्याचं पहिलं वाक्य ‘ऑपरेटर कोण होता?’ असं येतं, त्याच्याबाबतीत सावध. असा माणूस आला की शॉपवरची मापं दोन महिन्यांत सुंदर दिसायला लागतात, कारण ती खोटी लिहिली जातात.

तिसरी चाचणी दहा मिनिटांची, बोलण्याची. तुम्ही जुना सेटर व्हा: ‘बारा वर्षं जॉबकार्ड भरलं नाही, आता कशाला?’ तो तुम्हाला कसा समजावतो ते ऐका. दटावतो, गयावया करतो, की ‘कार्डात कोणती माहिती तुम्हाला फालतू वाटते?’ असं विचारतो?

मुलाखत घेणारे दोघं असावेत, प्रश्न सगळ्यांना तेच, आणि प्रत्येकाने १ ते ५ गुण आपापल्या कागदावर लिहून मगच एकमेकांशी बोलावं. आधी बोललं की मोठ्याचं मत सगळ्यांचं मत होतं. आपल्याकडे तर वडिलांनी ‘पोरगा चांगला वाटतो’ म्हटलं की पुढचं सगळं नाटक. बाहेरच्या उमेदवाराने चाचणीसाठी रजा घेतली असेल तर दिवसाचे दीड-दोन हजार द्या. नाही निवडला तरी तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलेल.

चौकशीबद्दल दोनच गोष्टी. सध्याच्या कंपनीत त्याच्या नकळत फोन करू नका, त्याची नोकरी जाऊ शकते. त्याआधीच्या साहेबांशी, त्याच्या परवानगीने बोला आणि ‘कसा होता?’ याऐवजी ‘परत घ्याल का, आणि कोणत्या कामासाठी?’ असं विचारा. उत्तराआधीची शांतता पुरेशी बोलते. त्याच्या हाताखाली काम केलेल्या एखाद्याशीही बोला. पीएफची सर्व्हिस हिस्टरी त्याच्याच मोबाइलवर दाखवायला सांगितली की किती ठिकाणी किती महिने काढले ते दिसतं. छोट्या युनिटमध्ये रिलीव्हिंग लेटर बऱ्याचदा मिळतच नाही, तेवढ्यावरून कोणाला नाकारू नका.

पगाराचं बोलताना ‘७५ हजार’ म्हणजे काय ते कागदावर मांडा, कारण पहिल्याच महिन्यात मन कलुषित होतं ते इथे. समजा ७५ हजार सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) ठरला, मूळ पगार निम्मा म्हणजे ३७,५००. पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापायचा तर मालकाचे ४,५०० आणि कामगाराचे ४,५००. ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली तर मूळ पगाराच्या ४.८१ टक्क्यांनी साधारण १,८००. व्यवसायकर २००. हातात येतात जवळपास ६४ हजार. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापलात, म्हणजे दोन्हीकडून १,८००, तर हातात सुमारे ६९,४००. दोन्ही ‘७५ हजार’च, पण महिन्याला ५,४०० रुपयांचा फरक. तो हातात ७५ समजत असेल आणि तुम्ही सीटीसी, तर पहिल्या पगाराच्या दिवशी तो दुसरीकडे बायोडाटा पाठवायला लागेल. शिवाय परवान्यावर कारखान्याचा ‘मॅनेजर’ म्हणून त्याचं नाव लावणार असाल तर आधी सांगा. त्या नावाबरोबर सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी येते. नुसता हुद्दा प्रॉडक्शन मॅनेजर असणं आणि परवान्यावर नाव असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७५ देणं परवडतं का, हे तुमच्या टर्नओव्हरवर आहे आणि तो तुम्ही लिहिलेला नाही. पण हिशोब असा मांडता येईल: तुमचे रोजचे तीन तास मोकळे झाले तर त्यात तुम्ही काय करणार? नवे कस्टमर, कोटेशन, येणी वसूल करणं यातलं काही ठरलेलं नसेल, तर तुम्ही परत शॉपवरच जाऊन उभे राहाल आणि मॅनेजर दुसऱ्यांदा अडचणीत येईल.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर सोडत नाही. लाइन इन्स्पेक्टर आणि फायनल इन्स्पेक्शन नव्या मॅनेजरच्या हाताखाली देऊ नका. ते थेट तुमच्याकडे रिपोर्ट करू देत. ज्याच्या डोक्यावर डिस्पॅचचा आकडा आहे त्याच्याच हातात ‘पास’चा शिक्का दिला, तर महिनाअखेरीस तो शिक्का सैल पडतो. त्यात माणसाचा दोष नसतो. उलट दिशेने, माल थांबवायचा अधिकार मात्र मॅनेजरलाही असू द्या.

नेमणूक झाल्यावर पहिले दोन आठवडे त्याने काहीही बदलायचं नाही, दोन्ही शिफ्टमध्ये उभं राहून बघायचं. तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी शिफ्ट लागली की १५ मिनिटं फळ्यासमोर उभं राहून बैठक: काल ठरलेले नग आणि झालेले चांगले नग, रिजेक्शन कुठे आणि का, उद्या काय डिस्पॅच. ही बैठक तो घेईल. तुम्ही मागे उभे राहा, बोलू नका. तुमच्याशी त्याचा आठवड्याला एक तास, ठरलेल्या वारी, दरवाजा बंद करून. तुम्हाला त्याचं काही पटलं नाही तर ते तिथे बोलायचं, शॉपवर नाही.

३०, ६० आणि ९० दिवसांनी वहीतल्या त्या ‘अ-ब-क’ यादीवर परत बसा. ‘अ’ मधले किती फोन अजून तुमच्याकडे येतात? येत असतील तर कोण करतं: तो स्वतः, की ऑपरेटर त्याला वळसा घालून? आणि तुम्ही उत्तर देता का? ऑपरेटरचा फोन आला तर ‘त्यांना विचार’ एवढंच म्हणून ठेवायचा. पहिला महिना हे फार अवघड जातं, कारण उत्तर तुम्हाला माहीत असतं. नियुक्तिपत्रात प्रोबेशन सहा महिन्यांचं ठेवा आणि त्या काळात नोटीस किती दिवसांची ते लिहा, पण निर्णय ९० दिवसांनाच घ्या. नव्वद दिवसांनी ज्याच्याबद्दल ‘बघू अजून’ वाटतं, त्याच्याबद्दल सहाव्या महिन्यातही तेच वाटतं, फक्त तोवर त्याने स्वतःची दोन माणसं आणलेली असतात.

राहता राहिला सेटर. बाहेरचा माणूस घ्यायचं ठरलं तर जाहिरात द्यायच्या आधी, चाकणवाल्याला दुसऱ्यांदा बोलवायच्या आधी, त्याला केबिनमध्ये बसवून सांगा: मॅनेजर बाहेरून येतोय, तुमच्यासाठी हे पद आणि हा पगार, अमुक तारखेपासून. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारा आणि नव्या माणसाच्या तिसऱ्या चाचणीला जॉबकार्डवरून वाद घालायला तुमच्याऐवजी त्यालाच बसवा. तो वाद खरा होईल, आणि शॉपवरच्या पोरांनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर पहिली बातमी त्याच्याकडून जाईल.